आहेस का?

थोरला कामावरून आला की सरळ घरात शिरायचा नाही. अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा होता, तिथे जाऊन आधी उभा राहायचा. त्याची बायको कढत पाण्याच्या बादल्या आडोशाशी नेऊन ठेवायची, साबणाची वडी त्याच्या हातात द्यायची आणि त्याने अंगावरून काढलेले कपडे काठीने उचलून वेगळ्या टपात बुडवायची.

"कानामागून घासा हो नीट. काल तसंच राहिलं होतं."

"कान काढूनच देतो तुझ्याकडे. तूच घास."

"द्या की! नाहीतरी माझं ऐकायला ते कधी वापरलेत?"

आडोशाआडून हसणं ऐकू यायचं. घरात दप्तर पसरून बसलेली त्यांची लेकही मान वर न करता हसायची. रोज तेच बोलणं आणि रोज तेच हसणं. दिवसभरात त्या घराला हसायला तेवढीच सवड असायची.

त्या बाईला सगळी वस्ती वहिनी म्हणायची. खरं तर ती एकाच माणसाची वहिनी, थोरल्याच्या पाठच्या भावाची. पण तो धाकटा पुढे एवढा मोठा झाला की त्याची वहिनी ती सगळ्यांचीच वहिनी झाली.

थोरला गटारात उतरायचा. हे असं एका दमात सांगितलं, कारण आडपडदा ठेवून सांगायची ही गोष्ट नाही. शहराच्या रस्त्यांखालून मोठाल्या नळांतून घाण वाहते, ती कुठेतरी तुंबते. वरून सळई घालून भागलं नाही की चेंबरचं लोखंडी झाकण उघडतात, माणसाच्या छातीला दोर बांधतात आणि त्याला आत सोडतात. तो माणूस नेहमी याच वस्तीतला. त्याचा बाप उतरायचा म्हणून तो, आणि आजा उतरायचा म्हणून बाप. कुठल्या कायद्यात तसं लिहिलेलं नव्हतं. पण कुठेही नोकरी मागायला गेलं आणि वस्तीचं नाव सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची जरा मागे सरकवायचा आणि म्हणायचा, "तुमचं काम त्या बाजूला." कोपऱ्यावरच्या हॉटेलात वस्तीतल्या माणसाला चहा मिळायचा तो मागच्या खिडकीतून. आणि हेच शहर रोज सकाळी स्वच्छ आंघोळ करायचं, सगळं मोरीतून खाली सोडून द्यायचं आणि इस्त्रीचे कपडे घालून कामाला लागायचं.

उतरण्याची एक रीत होती. खाली विषारी वायू साठतो. त्याला वास असतोच असं नाही, आणि खाली नाक तरी कशाकशाचा वास ओळखणार? बोलता बोलता माणूस गप्प होतो, एवढंच. म्हणून दोर धरणाऱ्याने चेंबरच्या तोंडाशी वाकून थोड्या थोड्या वेळाने हाक मारायची, "आहेस का?" खालच्याने उत्तर द्यायचं, "आहे!" उत्तर आलं नाही की दोर ओढायचा. पुन्हा विचारायचं नाही आणि विचार करत बसायचं नाही.

ही हाक वस्तीच्या इतकी अंगवळणी पडली होती की लोक एकमेकांचं दारही तसंच वाजवायचे. म्हाताऱ्या बायका सकाळी भिंतीवरून शेजारणीला विचारायच्या, "आहेस का गं?" संडासाच्या रांगेत कुणी ताटकळला की दारावर थाप मारून ओरडायचा, "अरे, आहेस का?" आणि आतून वैतागलेला आवाज यायचा, "आहे रे बाबा, येतोय!" रांग खो खो हसायची.

धाकटा लहान असताना एकदा बापाबरोबर कामावर गेला होता. दोर मामांच्या हातात होता. मामा म्हणजे या दोघा भावांच्या आईचा भाऊ, वस्तीतला सगळ्यांत भरवशाचा दोरवाला. मामांनी हाक मारली, उत्तर आलं. पुन्हा मारली, उत्तर आलं नाही. मामांनी लागलीच ओढलं, पण दोर खाली कशात तरी अडकला. बाप वर आला तो बाप नव्हता. पोर मात्र चेंबरच्या तोंडाशी पालथं पडून आत ओरडतच राहिलं, "बाबा, आहेस का? बाबा, आहेस का?" त्याला उचलून नेलं तेव्हा त्याचा आवाज पार बसला होता.

आईने त्या दुःखात अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही. वहिनी तेव्हा लग्न होऊन नुकतीच घरात आलेली. स्वतःची लेक व्हायच्या आधी तिने हा दीर वाढवला. अर्ध्या चड्डीतल्या पोराला ती रीतीप्रमाणे भाऊजी म्हणायची आणि त्याच दमात त्याचा कान पिळायची. "भाऊजी, अभ्यासाला बसता की देऊ एक ठेवून?" थोरल्यासारखं त्यालाही कामाला चिकटवून टाका, असं वस्तीतले चार जाणते सांगायला आले, तेव्हा तिने दारातूनच त्यांना वाटेला लावलं. "हा उतरणार नाही," ती म्हणाली. "शिकेल. उपाशी मेलो तरी शिकेल."

आणि तो शिकला. जीभ तर अशी चालायची की ऐकत राहावं. तो कॉलेजात असताना वस्तीतला आणखी एक जण खालीच राहिला. नगरपालिकेने नेहमीप्रमाणे दुःख व्यक्त केलं. धाकट्याने वस्ती गोळा केली आणि सगळ्यांना घेऊन नगरपालिकेच्या दारात गेला. गटाराचं एक झाकण हातगाडीवरून नेलं होतं, ते पायरीवर आपटलं आणि त्यावर उभा राहिला. वरच्या मजल्यावरच्या खिडकीकडे बघून ओरडला, "साहेब, आहेस का?"

खिडकी बंद झाली. तेव्हा तो माणसांकडे वळला. "ते नाहीत! तू आहेस का?"

"आहे!" वस्ती गरजली.

त्या दिवसापासून वस्तीची हाक शहराची घोषणा झाली. गिरणीतले कामगार ओरडू लागले, हॉटेलातली पोरं ओरडू लागली, कॉलेजातली मुलं भिंतींवर लिहू लागली. लाठ्या पडल्या, धाकटा दोनदा तुरुंगात जाऊन आला, आणि बाहेर आला तेव्हा दारात अख्खा रस्ता भरून माणसं उभी होती. शहराने आजवर पाहिला नव्हता एवढा तरुण नगराध्यक्ष तो झाला. निकाल लागला तेव्हा वहिनी चुलीपुढे बसून ढसाढसा रडली. थोरला म्हणाला, "अगं, जिंकलाय तो!" ती म्हणाली, "कळतंय हो मला. रडू द्या जरा."

खुर्चीवर बसल्या बसल्या त्याने पहिला हुकूम काढला: यापुढे माणसाला गटारात उतरवेल तो तुरुंगात जाईल, मग तो कुणीही असो. थोरल्याला वरचं काम मिळालं, पंपाकडे देखरेखीचं. एक मोठं यंत्र आलं. त्याची मिरवणूक निघाली, पेढ्या सोडून व्यापारी बघायला उभे राहिले. वस्तीने त्या यंत्राला आंघोळ घालायचीच काय ती बाकी ठेवली.

यंत्र चांगलंच होतं. फक्त रुंद होतं. जुन्या शहराच्या बोळांत ते वळायचंच नाही, आणि तुंबायचं ते नेमकं तिथेच. मग काय झालं असेल, ते सांगायला नको. कंत्राटदार आडवाटेने माणसं आणू लागले. बाहेरगावची, बिननावाची.

"भाऊजी, बाजारामागच्या बोळात काल माणूस उतरला होता म्हणतात," वहिनीने एकदा विचारलं.

"वहिनी, सगळं एका दिवसात होत नाही."

"एका दिवसात नका करू. पण कालच्याला तरी वर काढलं ना?"

तो हसला आणि घड्याळाकडे बघितलं. आताशा तो फार घड्याळाकडे बघायचा. पूर्वी थोरला आडोशाला आंघोळीला बसला की हा पाठ घासून द्यायला जायचा, दोघं भाऊ पाणी उडवून अंगणभर चिखल करायचे. आता पांढरी गाडी वस्तीच्या तोंडाशी थांबायची आणि काच वर असायची. त्याच्या मागे सावलीसारखा एक चिटणीस असायचा, गोड बोलणारा, हातात कायम पाण्याची बाटली धरणारा. त्या घरात तो कधी पाणी प्यायला नाही. वहिनीच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. धाकट्याच्याही आलं असेल, पण तो काही बोलला नाही.

त्याच्या सत्तेचा वाढदिवस आला. चौकात मोठी सभा ठरली, पक्षाचे सर्वांत मोठे पुढारी येणार होते. आणि सभेच्या आदल्या दिवशी चौकातलं गटार तुंबलं. व्यासपीठासमोर घोट्याएवढं काळं पाणी.

दिवेलागणीला धाकटा घरी आला. बऱ्याच दिवसांनी जमिनीवर मांडी घालून भावाशेजारी जेवायला बसला. वहिनीला आधी आनंदच झाला. चिटणीस दारात उभा राहिला.

"दादा, चौकातलं पाणी बघितलंस?"

"बघायला कशाला हवं? नाक शाबूत आहे माझं."

"उद्या मोठे साहेब यायचेत."

"मग यंत्र लाव."

"व्यासपीठामागच्या बोळातला चेंबर आहे. यंत्र वळत नाही तिथे."

"कंत्राटदाराची माणसं आहेत तशी," दारातून चिटणीस हलकेच म्हणाला, "पण परकी माणसं. उद्या काही कमीजास्त झालं, कुणी तोंड उघडलं, तर बोभाटा व्हायचा."

धाकटा ताटातला घास चिवडत राहिला. मग भावाकडे न बघता म्हणाला, "दादा, तू घरचा आहेस."

वहिनीच्या हातातला डाव तसाच राहिला. "घरचा म्हणजे काय, भाऊजी? घरचा म्हणजे ओरडायचा नाही, असंच ना?"

"वहिनी, तसं नव्हे."

"मग कसं? हुकूम कुणी काढला होता? तुमच्याच हाताने ना? बाबा गेले तेव्हा चेंबरपाशी कोण पालथं पडलं होतं? मी उचलून आणलं होतं तुम्हाला. आठवतंय का?"

"आठवतंय." त्याचा आवाज खरोखर कापला. तो दगड नव्हता, हे सांगायला हवं. दगड असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. "एकदाच, वहिनी. मोठे साहेब खूश होऊन गेले की वरून निधी येईल. बोळात शिरणारी लहान यंत्रं आणतो. मग कुणीच नाही, कधीच नाही. एवढं एकदाच."

प्रत्येक वाईट गोष्ट 'एवढं एकदाच' म्हणूनच घरात येते. वहिनी आणखी बोलणार होती, पण थोरल्याने हात वर केला. "जाऊ दे गं. माझ्या भावाच्या सभेपुढे घाण नको. तो चेंबर मला पाठ आहे. सकाळी उतरतो, सभा सुरू व्हायच्या आत वर."

"मग दोर मामांच्या हातात हवा," वहिनी म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्याही नाही."

"मामाच," थोरला म्हणाला.

सकाळी तो निघताना लेक शाळेची वेणी घालून घेत होती. तिला म्हणाला, "मी सभेत मागच्या रांगेत उभा राहीन. हात हलवीन. आईला सांग, मागे वळून बघ म्हणावं, नाहीतर दिराचं भाषण ऐकताना तिला नवरा आठवायचा नाही." वहिनीने त्याला वेणीचा कंगवा फेकून मारला. तो चुकवून हसत गेला.

वहिनीला चौकात पहिल्या रांगेत बसवलं होतं. व्यासपीठासमोर पाणी नव्हतं. ओल होती, तिच्यावर भुसा टाकला होता. झालं म्हणायचं काम, तिच्या मनात आलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिने मागे वळून वळून बघितलं, पण गर्दीत मागची रांग कुठे संपते तेच दिसत नव्हतं. कितीतरी हात हलत होते. त्यातला एक त्यांचाच असणार, असं ती धरून चालली.

काम झालेलं नव्हतं. वरचा गाळ निघाला म्हणून पाणी ओसरलं, पण आत पुढे आणखी एक गठ्ठा अडकला होता आणि पाणी परत चढू लागलं होतं. थोरला दम खायला वर आला तेव्हा चिटणीस तिथे धावत आला. मोठे साहेब येऊन पोचले होते. "आवाज न करता उरकून टाका," तो म्हणाला आणि बोळाच्या तोंडावर कापडाचा मोठा पडदा ओढून घेतला. पडद्यावर धाकट्याचा हसरा चेहरा छापलेला होता. त्या चेहऱ्यामागे थोरला पुन्हा खाली उतरला.

मामा बहिरे नव्हते. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे त्यांना बहिरं ठरवायचा प्रयत्न झाला. मामा चेंबरच्या तोंडाशी वाकून बसले होते, दोर मनगटाला गुंडाळला होता. त्यांनी हाक मारली, "आहेस का?" खालून उत्तर आलं, "आहे रे बाबा, जातो कुठे?" थोरला नेहमी असंच उत्तर द्यायचा.

मग सभा रंगात आली. धाकट्याने कर्ण्यासमोर हात उंचावला. "हे शहर बदललं, ते कुणी बदललं? तू आहेस का?"

"आहे!"

चौकाच्या चहूबाजूंना पावसाचं पाणी जायच्या जाळ्या आहेत. कर्णे नेमके त्यांच्यावरच बांधले होते. हजारो माणसांचा आवाज त्या जाळ्यांतून खाली गेला, नळानळांतून फिरला आणि व्यासपीठामागच्या चेंबरमधून वर आला. मामा खाली वाकून विचारत होते, "आहेस का?" आणि खालून उत्तर येत होतं, "आहे!" पुन्हा विचारलं, पुन्हा आलं. मामा दोर धरून बसून राहिले.

आणि पहिल्या रांगेत वहिनी उभी होती. दिराचं बोलणं ऐकून तिचा ऊर भरून आला होता. कालचा राग विरघळला होता. हा आपण वाढवलेला पोरगा, आणि केवढी ही माणसं! धाकट्याने विचारलं, "तू आहेस का?" आणि तीही मूठ उंचावून जीव तोडून ओरडली, "आहे!"

घोषणा थांबल्या. त्याच क्षणी चेंबरही थांबला. मामांना तेव्हा कळलं. जातो कुठे, हे शब्द बऱ्याच वेळात ऐकले नव्हते. त्यांनी दोर ओढला. दोर जड लागला.

थोरल्याला घरी आणलं तेव्हा त्याला अंगणातच ठेवलं, आडोशाजवळ. वहिनीने कुणाला हात लावू दिला नाही. पाणी तापवलं, बादल्या भरल्या, साबण घेतला. कानामागे नीट घासलं. लेक शेजारी तांब्या धरून उभी होती. दोघींपैकी कुणीच रडत नव्हतं, आणि ते बघून अंगणातली बाकीची माणसं रडत होती.

धाकटा आला तो चिखलातच कोसळला. भावाच्या पायांना मिठी मारून हंबरडा फोडला. ते रडणं खोटं नव्हतं. पण त्याच्यामागे चिटणीस होता, आणि अंगणातली माणसं पांगल्यावर तो वहिनीजवळ येऊन बसला.

"ताई, फार वाईट झालं. आता फक्त एक शब्द सांभाळायचा. ते उतरले नव्हते. पडले. उघड्या चेंबरमध्ये पाय घसरून पडले."

वहिनीने दिराकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"उतरले म्हटलं," चिटणीस पुढे म्हणाला, "तर उतरवलं कुणी, असं विचारतील. कायदा साहेबांचाच आहे. आणि दोर मामांच्या हातात होता, आधी त्यांनाच धरतील. म्हातारा माणूस, कानानेही कमी..."

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "तुम्ही बोला. यांना बाहेर जाऊ द्या."

चिटणीस बाहेर गेला. धाकट्याने तिचा हात धरला. लहानपणी ताप आला की धरायचा, तसाच. "वहिनी, दादा परत येणार नाही. मी तुरुंगात गेलो तर वस्तीचं कोण बघणार? सगळं परत पहिल्यासारखं होईल. उद्या शोकसभा आहे. एवढंच म्हण. पडला म्हण. तुझ्या शब्दावर कुणी शंका घेणार नाही."

तिने हात सोडवून घेतला नाही. म्हणाली, "जेवलात का?" त्याने मान हलवली. "मग थोडं खाऊन जा," ती म्हणाली, आणि आत गेली.

तो समजला, वहिनी ऐकणार. आजवर तिने त्याचं कधी काय मोडलं होतं?

शोकसभा त्याच चौकात झाली. व्यासपीठावर थोरल्याची मोठी तसबीर, फुलं, पांढरी चादर. धाकटा बोलायला उभा राहिला. बोलता बोलता त्याची जीभ सवयीने आपल्या वाटेला लागली. त्याने तसबिरीकडे हात केला आणि कर्ण्यात विचारलं, "दादा! आहेस का?"

गर्दीतून आवाज उठू लागला. "आ..."

"नाही!"

वहिनी उठली होती. कर्ण्याची गरज पडली नाही, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत ते ऐकू गेलं. ती व्यासपीठावर चढली, दिराच्या शेजारी उभी राहिली.

"नाहीत ते," ती म्हणाली. "काल माझ्या हाताने धुतले, मला माहीत आहे. मला सांगितलंय, पडले म्हण. पडले नाहीत. उतरले. माझ्या घरात, माझ्या हातचं जेवत, यांनी त्यांना उतरवलं. घरचा माणूस ओरडत नाही म्हणून." ती गर्दीकडे वळली. "आणि तुम्ही सगळे आहे, आहे ओरडत होता, तेव्हा ते खाली गप्प होत होते. मामांनी विचारलं, आणि त्यांच्याऐवजी उत्तर आपण दिलं. मीसुद्धा दिलं. माझ्या नवऱ्याच्या वतीने मी 'आहे' म्हणून सांगितलं! आता परत कुणी म्हणू नका."

"वहिनी दुःखात आहेत," धाकटा कर्ण्यात म्हणाला. "त्यांना खाली न्या कुणीतरी."

कुणी पुढे आलं नाही. मागून मामा काठी टेकत उभे राहिले. "दोर माझ्या हातात होता," ते म्हणाले. "ती खरं बोलते."

धाकट्याने गर्दीकडे पाहिलं. हजारो माणसं होती, आणि एकाचाही आवाज येत नव्हता. त्याने पुन्हा हात उंचावला, तोंड उघडलं, आणि हात तसाच खाली आला. काय विचारणार होता तो?

मग सगळं भराभर झालं. मोठे पुढारी म्हणाले, या तरुणाशी आपली फारशी ओळख नव्हती. चिटणीस आठवड्याच्या आत दुसऱ्याच्या मागे बाटली घेऊन फिरू लागला. भिंतींवरच्या घोषणांवर चुना फिरला. चौकशीत धाकटा पहिल्यांदा 'पडला' म्हणाला, दुसऱ्यांदाही म्हणाला. मग मामांना बेड्या घालून आणलं, आणि वकील त्यांच्या कानाशी टाळी वाजवून 'ऐकू येतं का' विचारू लागला, तेव्हा तो उठून उभा राहिला. "त्यांना सोडा. दादा उतरला. मी उतरवला." उशिरा म्हणाला, पण म्हणाला, एवढं त्याच्या नावावर लिहायला हवं.

वहिनी पुष्कळ दिवस तुरुंगाकडे फिरकली नाही. मग एकदा धुतलेले कपडे घेऊन गेली. जाळीपलीकडे तो बारीक झाला होता. ख्यालीखुशाली झाली नाही. त्याने एकच विचारलं.

"वहिनी, दादाला खाली माझं भाषण ऐकू आलं असेल का गं?"

ती खोटं बोलू शकली असती. तिच्या ओठांवर आलंही होतं.

"मामांना वर ऐकू आलं," ती म्हणाली. "म्हणजे आधी खाली त्यांनाच ऐकू गेलं असणार."

त्याने जाळीला कपाळ टेकलं. तिला त्याच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला. जाळीतून बोटं जात नव्हती. कपडे देऊन ती परत आली.

शहराला नवा नगराध्यक्ष मिळाला. पहिला हुकूम कागदावर तसाच राहिला आणि यंत्र छपरीत. थोड्या दिवसांनी बाजारपेठेतलं गटार तुंबलं. दुकानांच्या पायऱ्यांना काळं पाणी लागलं, इस्त्रीचे कपडे विटांवरून उड्या मारत जाऊ लागले. कंत्राटदार वस्तीत आला आणि हात हलवत परत गेला. त्याने बाहेरगावची माणसं आणली, तर वस्तीतल्या बाया जाऊन चेंबरच्या झाकणांवर बसल्या. पुढे वहिनी आणि शेजारी तिची लेक, मांडीवर पुस्तक घेऊन. लोकांनी शिव्या दिल्या. कुणी वरून पाणी ओतलं. जे कधी वस्तीकडे बघत नसत, ते आता थांबून म्हणू लागले, माज आलाय यांना.

शेवटी नगरपालिकेचे इंजिनिअरसाहेब स्वतः आले. नाकाला रुमाल होता. ते चांगल्या मनाचे होते, आवाजही मऊ होता.

"बाई, लोकांच्या घरांत पाणी शिरायला लागलंय. लहान लेकरं आहेत घरांत. यंत्रं मागवली आहेत, पण वेळ लागेल. तोवर एकदाच... तुमच्याकडे एखादा माणूस आहे का?"

वहिनीने बसल्या जागेवरून वर बघितलं. त्या झाकणाखाली पाणी डचमळत होतं, आणि खाली कुणी नव्हतं.

"आहेत ना, साहेब," ती म्हणाली. "सगळी माणसंच आहेत. म्हणून तर कुणी उतरणार नाही."

साहेब विटांवरून तोल सांभाळत निघून गेले. लेकीने पुस्तकाचं पान उलटलं, आणि वहिनी झाकणावर जरा सरकून बसली, काठी टेकत आलेल्या मामांना जागा व्हावी म्हणून.